एका ठिपक्याची खूण

माझ्या मामाच्या डाव्या कानाच्या पाळीला घट्टा आहे. सतत हातोडा धरणाऱ्याच्या तळहाताला पडतो, तसा. लाकडी मुठीचा एक लांबलचक स्क्रू-ड्रायव्हर तो इंजिनावर टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटून उभा राहतो. मग डोळे न उघडताच सांगतो, "चौथ्याचा एक्झॉस्ट." आणि खरोखर चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचाच आवाज निघतो. चाळीस वर्षं हेच चाललंय. ट्रकवाले त्याला कानमिस्त्री म्हणतात. आई म्हणते, "त्याला सगळ्या इंजिनांचं ऐकू येतं. फक्त माणसांचं येत नाही."

आईच्या या बोलण्याला एक जुनं कारण होतं.

मी पहिलीत होते तोवर गॅरेज दोघांचं होतं, मामाचं आणि बाबांचं. मेहुणे-मेहुणे आणि भागीदार. कामाची वाटणी सोपी होती. इंजिनाचा मधला सांधा धरायचा. त्याच्या वरचं सगळं, म्हणजे व्हॉल्व्ह, रॉकर, टॅपेट, हे मामाचं. खालचं, म्हणजे क्रँक आणि तिची बेअरिंगं, हे बाबांचं. आणि एक नियम होता. ज्याने ज्या भागाला हात लावला, त्याने तिथे पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठोकून खूण मारायची. मामाचा एक ठिपका, बाबांचे दोन. बाबा म्हणायचे, "मेहुण्याला दुसरा ठिपका मारण्याइतका धीर नाही, म्हणून त्याचा एक." उद्या काही बिघडलं तर कुणाचं काम, हे विचारायची गरज पडू नये, एवढ्यासाठीच ती खूण.

मग एका रोपवाटिकेचा ट्रक आला. गोल नाकाडाचा, सहा सिलिंडरचा, तेव्हाच म्हातारा झालेला. दोघांनी मिळून त्याचं इंजिन पूर्ण उघडून बांधलं. ट्रक गेला आणि दोन महिन्यांनी परत आला. इंजिन गरम झालं की तेलाचा दाब पार तळाला जात होता. मालक गॅरेजच्या दारात उभे होते, आणखी दोन गिऱ्हाइकं होती. सगळ्यांसमोर मामा म्हणाला, "वरचं काम माझं. ऐका, किती शांत चाललंय. खालचं दाजींना विचारा."

बाबा एवढंच म्हणाले, "खोलून बघू."

पण मालकांचा हंगाम होता. त्यांनी जाडं तेल ओतून घेतलं आणि ट्रक नेला. तो परत काही आला नाही. पुढच्याच आठवड्यात बाबांनी आपली हत्यारं घरी आणली, रॉकेलने एकेक धुतली, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि एका कारखान्यात लेथवर कामाला लागले. मी तेव्हा सात वर्षांची होते. रॉकेलचा तो वास अजून आठवतो. त्यानंतर एकोणीस वर्षं मामा आणि बाबा फक्त लग्नकार्यात भेटले. "या, मेहुणे." "बरं आहे ना, दाजी?" एवढंच. आधीची अरे-तुरेची भाषा गेली आणि दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखे वागू लागले.

मला वाटायचं, बाबांचा अहंकार दुखावला. आईलाही तेच वाटायचं.

यंदा मामाचा फोन आला. "इंजिनीअरबाई, तुमच्या लॅबमधलं ते खरं बोलणारं मीटर घेऊन या."

मी पंप बनवणाऱ्या कारखान्यात चाचणी विभागात आहे. दिवसभर दाब मोजते. विचारलं, "कुणाची गाडी आहे?"

मामा म्हणाला, "रोपवाटिकेची."

जुने मालक गेले होते. त्यांच्या मुलीला तो ट्रक शेडमध्ये सापडला, मोडक्या कुंड्यांच्या ढिगामागे. तिला तो पुन्हा रस्त्यावर आणायचा होता. मामाने पेट्रोलची टाकी धुतली, नवं तेल घातलं, इंजिन चालू केलं. थंड असताना काटा पंचेचाळीस पौंडांवर. गरम झाल्यावर, गाडी जागेवर उभी असताना, सहा. वर चौथ्या सिलिंडरपाशी एक टिकटिकही येत होती.

मी तीन दिवसांची रजा टाकली. कशासाठी, ते मामाला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

"मला खालचं उघडून बघायचंय."

"तुझ्या बापाची वकिली करायला आलीस होय?"

"नाही. मोजायला आले."

"तेच ते," मामा म्हणाला. "तोही असंच म्हणायचा."

मामा शिव्या देत काम करतो, पण त्या नटबोल्टांना. माणसांना टोमणे. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, भिंतीवर पाने लटकवायचे खिळे. खिळ्यांच्या दोन ओळी आहेत. दुसरी ओळ रिकामी. तिच्यावर मामाने इतक्या वर्षांत काही टांगलं नव्हतं. का, असं मी एकदा विचारलं होतं. "खिळे कच्चे आहेत," तो म्हणाला होता. मी एक ओढून पाहिला, हललाही नाही.

पहिली शंका डॅशबोर्डवरच्या काट्यावर. जुने काटे सर्रास खोटं बोलतात. तो काढून मी माझं मीटर जोडलं, इंजिन अर्धा तास चालवलं. सहा. काटा खरा होता. दुसरी शंका दाब सांभाळणाऱ्या झडपेवर. तिची स्प्रिंग थकली की तेल वाटेतूनच माघारी पळतं. स्प्रिंग काढून लांबी मोजली, पुस्तकातल्या आकड्याशी ताडली. बरोबर. झडपेची बैठकही स्वच्छ.

"झालं ना समाधान?" मामा म्हणाला. "आता राहिली बेअरिंगं. मी एकोणीस वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."

हे तो मोठ्याने म्हणाला खरा, पण इंजिनाखालचं चेंबर उतरवायला लगेच उठला नाही. चहाचा रिकामा कप दोनदा उचलून खाली ठेवला.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची परात, खाली आली. वर अंधारात क्रँक चकाकत होती. मी खड्ड्यात उभी राहून बॅटरी मारली. बेअरिंगच्या प्रत्येक टोपीवर दोन ठिपके. एका रेषेत, एका अंतरावर, एका खोलीचे. बाबा वहीत समास आखतात तेव्हासुद्धा असेच आखतात.

बेअरिंग आणि क्रँक यांच्यात तेलापुरती फट लागते. ती केसाहून बारीक असते. जास्त झाली की तेल निसटतं आणि दाब पडतो. ती मोजायला मेणासारखा एक मऊ दोरा मिळतो. टोपी काढायची, दोऱ्याचा तुकडा ठेवायचा, टॉर्क पान्याने टोपी नेमकी घट्ट करायची, परत काढायची. दोरा किती चपटला, ते छापील पट्टीवर बघायचं. मिस्त्री लोक ही फट थाऊमध्ये सांगतात, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चार थाऊपर्यंत चालते.

पहिलं बेअरिंग दोन थाऊ. दुसरं दोन. तिसऱ्याला मामा खड्ड्यात उतरला. "पट्टी इकडे दे. तुला चष्मा लागलाय की नाही, कुणास ठाऊक." त्याने स्वतःचा चष्मा लावून बघितलं. दोन.

सगळी मिळून तेरा होती. दीड दिवस लागला. दर टोपीमागे मामाचे टोमणे कमी होत गेले. दहाव्यानंतर तो फक्त "हं" म्हणायचा. तेरावं दोन थाऊ निघालं तेव्हा तो खड्ड्याच्या पायरीवर बसला होता. हातात चिंधी होती आणि ती तो उगाच घडी घालत होता.

"पुन्हा एकदा घे."

मी पुन्हा एकदा घेतलं. दोन.

"एवढं चालूनसुद्धा?" तो स्वतःशीच म्हणाला.

"चालली कुठे फार? निम्म्याहून जास्त वर्षं उभीच होती."

"तरीपण." मग चिंधी बाजूला ठेवून, "मग तेल जातंय कुठे?"

हा प्रश्न खरं तर एकोणीस वर्षांपूर्वी विचारायचा होता.

तेलाचा पंपही आम्ही उघडला. त्याचे दाते ठीक होते. चेंबर परत चढवलं, तेल भरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्हवरचं झाकण काढून इंजिन तसंच उघडं चालवलं. इथे थोडं समजावून सांगते. पंप खालून तेल ढकलतो. ते आधी बेअरिंगांना जातं, कारण सगळा भार त्यांच्यावर. वर रॉकरकडे जाणारी एक बारीक वाट असते. ती मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, पितळेच्या एका छोट्या प्लगमध्ये दीड मिलिमीटरचं भोक. वरच्यांना ओलावा पुरतो.

इंजिन गरम झालं. रॉकरवर तेल ठिबकायला हवं होतं. ते वाहत होतं. नळ अर्धवट उघडा राहिल्यासारखं, हेडवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरून, सगळीकडे, कडेने ओघळत खाली; दाब इथूनच निसटत होता.

मामाने इंजिन बंद केलं. रॉकरचा दांडा त्याने स्वतःच सोडवला, सावकाश, एकेक बोल्ट क्रमाने मांडत. मामा कधीच क्रमाने मांडत नाही. खाली पितळेचा प्लग दिसला. मी ड्रिलच्या दांड्या एकेक करून भोकात घालून बघितल्या. दीडची डुगडुगली. अडीचची सैल. चारची नेमकी बसली.

"कुणीतरी मोठं केलंय," मी म्हणाले.

मामाने चिंधीने प्लगच्या बाजूचा भाग पुसला. काळा थर निघाला. खाली एक ठिपका होता. एकच.

मला वाटलं होतं, असा काही क्षण आला तर आनंद होईल. झाला नाही. मामाचं बोट त्या ठिपक्यावरून हळूच फिरत होतं, डोळे मिटलेले, जणू ऐकतोय.

"आठवलं," तो म्हणाला. "शुक्रवार होता. मालक इथे, या इथे उभे. वर एक टिकटिक राहिली होती. चार वेळा रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावली, फिलर गेजची पाती घालून. बरोबर येत होती. आवाज जाईना. कानमिस्त्री म्हणून गाडी आणलेली आणि आवाज जाईना. ड्रिल हाताशी होतं. म्हटलं, जरा जास्त तेल मिळालं तर गप्प बसेल."

"बसला?"

"एकदम. मालक खूश."

मी चौथ्या सिलिंडरचा रॉकर उचलून टोकाकडे पाहिलं. व्हॉल्व्हवर आपटून आपटून तिथे खळगा पडला होता, नखाएवढा. त्यावर पट्टी आडवी धरली तर खालून उजेड दिसत होता. फिलर गेजची सपाट पाती त्या खळग्यावरून पुलासारखी जायची, म्हणून मोजताना फट बरोबर यायची. खरी फट मात्र खळग्याच्या तळाशी होती. आवाज तिथून येत होता. तेव्हाही तिथूनच आला असणार, फक्त खळगा लहान असेल.

मी रॉकर मामाकडे दिला. त्याने पट्टी धरली, उजेड पाहिला.

"म्हणजे हेही माझंच." तो स्टुलावर बसला. "वरचं बोंबलत होतं, त्याला पाजलं. खालचं बिचारं काही बोललं नाही."

पत्र्यावर कावळा चालत होता. मामाने रॉकर खाली ठेवला. मग म्हणाला, "चौकात लेथवाला आहे. नवा प्लग करून घेतला आणि रॉकर बदलला, तर संध्याकाळपर्यंत गाडी तयार."

"हो."

"कुणाला काही कळणार नाही."

"नाही कळणार."

"तू सांगशील दाजींना?"

"मी नाही सांगणार, मामा. ठिपका माझा नाही."

त्याने साबण लावून हात धुतले. मग परत धुतले. तिसऱ्यांदा धुतले तेव्हा त्यांना धुण्यासारखं काही उरलं नव्हतं. प्लग काढून रुमालात बांधला आणि म्हणाला, "स्कूटर तू चालव."

आमच्या घराचं दार आईने उघडलं. भावाला बघून तिने आधी त्याच्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज कुणाचं लग्न आहे?"

"दाजी आहेत का?"

"मागे आहेत. लेथवर. तू आत तर ये."

बाबा मागच्या वर्षी निवृत्त झाले. घरामागच्या खोलीत त्यांनी एक जुना लेथ बसवलाय, पट्ट्याने चालणारा. पंपांची बुशं करून देतात. आम्ही गेलो तेव्हा लेथ चालू होता. बाबांनी मान वळवली.

"या, मेहुणे. बसा."

मामा बसला नाही. रुमाल सोडून प्लग पुढे केला. बाबांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, व्हर्नियर लावला.

"चार. मूळ किती?"

"दीड."

"कुणी केलं मोठं?"

पट्टा फटफटत होता. त्या आवाजात मामाला मोठ्याने बोलावं लागलं, म्हणून ते आईलाही ऐकू गेलं.

"मी. त्या रोपवाटिकेच्या ट्रकचा आहे. हेडवर माझा ठिपका आहे. बेअरिंगं उघडून बघितली. तेरा मोजली. सगळी दोन थाऊ. दाजी, तुमचं काम चोख होतं."

बाबांनी लेथ बंद केला. पट्टा हळूहळू थांबला.

"तेराच्या तेरा?"

"हिने मोजली. मी चष्मा लावून बघितली."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"तिसरं?"

"तिसरंही दोन," मी म्हणाले.

बाबा स्टुलावर टेकले. आपल्या बोटांकडे बघत राहिले. "मला वाटत होतं, तिसरं सैल राहिलं असणार. त्या दिवशी त्याला मी दोनदा हात लावला होता. मध्येच कुणीतरी हाक मारली, परत आलो, परत घट्ट केलं. केलं की नाही, हेच नंतर आठवेना." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ज्याला हे आठवत नाही त्याने इंजिन बांधू नये. म्हणून सोडलं."

आई दारात उभी होती. तिला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एकोणीस वर्षं आम्ही त्याला अहंकार म्हणत होतो.

"मला वाटलं, तुम्ही रागावून गेलात," मामा म्हणाला.

"रागावलो असतो तर परत आलो असतो."

बाबा "असू दे" म्हणाले नाहीत. ते तसं म्हणणारे नाहीत, आणि म्हणण्यासारखं ते होतंही असं मला वाटत नाही. ते उठले, पितळेचा दांडा शोधला, लेथमध्ये धरला. मामा बाजूला उभा राहिला. पितळेचा सोनेरी, कुरळा कीस निघू लागला. भोक पाडताना दीडचं ड्रिल मोडलं. दुसरं लावलं.

"जरा जोर लावा, दाजी," मामाच्या तोंडून गेलं.

"तुम्ही जोर लावलात म्हणून तर इथे आलोय आपण," बाबा म्हणाले. आई आत निघून गेली. ती हसत होती की रडत होती, मला दिसलं नाही.

प्लग झाला. बाबांनी तो उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं, मग मामाच्या तळहातावर ठेवला. मामाने तो परत त्यांच्याकडे सरकवला.

"तुम्हीच बसवा."

"वरचं काम आहे. तुमचं."

"माझ्या हाताने नाही बसवणार आता."

बाबांनी मला हाक मारली. "माळ्यावरून ती चादर काढ गं."

रविवारी सकाळी बाबा गॅरेजमध्ये आले. खिळ्यांची रिकामी ओळ त्यांनी पाहिली, पण हत्यारं टांगली नाहीत. चादर पसरून त्यावरच मांडली. प्लग बसवला, शेजारी दोन ठिपके मारले. मामाने रॉकर बदलला. झाकण लावण्याआधी मी म्हणाले, "तो जुना एक ठिपका कानशीने घासून टाकू का?"

"राहू दे," मामा म्हणाला. "पुढे जो कुणी उघडेल, त्याला कळायला हवं इथे कुणी हात घातला होता."

रोपवाटिकेच्या बाई दुपारी आल्या. इंजिन चाळीस मिनिटं चालून चांगलं तापलं होतं. काटा बावीसवर उभा होता, हलत नव्हता. मामाने बाईंना बाजूला बोलावलं आणि बाबांना ऐकू जाईल अशा बेताने उभा राहिला.

"तुमच्या वडिलांना मी इथेच सांगितलं होतं की खालचं काम बिघडलंय. ते खोटं निघालं. बिघडवलं मी होतं, वरून. खालचं यांचं काम, ते तेव्हाही बरोबर होतं."

बाई दोघांकडे बघत राहिल्या. "मला त्यातलं काही कळत नाही हो. आवाज मात्र छान येतोय."

"आवाजावर जाऊ नका," मामा म्हणाला. "काटा बघत जा."

बाई चालकाच्या जागेवर चढून बसल्या. मामाने स्क्रू-ड्रायव्हर काढला, चौथ्या सिलिंडरवर टेकवला, ऐकलं आणि मान डोलावली. मग त्याने तो बाबांपुढे धरला. माझ्या आठवणीत त्याने तो कुणाच्याही हातात दिला नव्हता. बाबांनी वाकून टोक खाली, क्रँकच्या अंगाला, तिसऱ्या बेअरिंगपाशी टेकवलं. मूठ कानाला लावली. बराच वेळ लावून ठेवली.

"काय येतंय ऐकू?" मामाने विचारलं.

"काहीच नाही."

"नीट ऐका."

"अरे मेहुण्या, काहीच नाही म्हटलं ना," बाबा म्हणाले, आणि तसेच वाकून ऐकत राहिले.